पहिल्या पाण्याचा मान

भिंतीतलं यंत्र किणकिणलं आणि त्यातली बाई नेहमीच्या लाघवी आवाजात म्हणाली, "अंघोळीचं पाणी तापलं आहे."

बैठकीतली शांतता त्याने मोडली खरी, पण तिच्या जागी जी दुसरी आली ती पहिलीपेक्षा जड होती.

पहिली शांतता तेत्सुजीकाकांमुळे झाली होती. वर्षश्राद्धाचं जेवण आटोपून भटजी केव्हाच गेले होते, आणि खालून ऊब देणाऱ्या बुटक्या मेजावरच्या रजईत पाय खुपसून काकांनी थोरल्या भावाची गोष्ट आज तिसऱ्यांदा सांगितली होती. गेल्या वर्षी याच दिवशी, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, गेन्सुके इगाराशींच्या छातीत सकाळपासून कळा येत होत्या. पण गल्लीतला बर्फ कोणी कुठल्या दिवशी उपसायचा याचा तक्ता पुरा व्हायचा होता. त्यांनी तो पुरा केला, सुवाच्य अक्षरात, पट्टीने रेघा मारून. मग ते अंघोळीला गेले आणि तिथून परत आले नाहीत. "शेवटची रेघसुद्धा वाकडी नाही हो!" असं म्हणून काकांनी डोळे पुसले होते, आणि सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. माणूस त्या तक्त्यापायी गेला की छातीपायी, हा प्रश्न कोणाला पडला नाही. पडला असता तरी श्राद्धाच्या दिवशी विचारण्यासारखा नव्हता.

आणि आता पाणी तापलं होतं.

सत्तेचाळीस वर्षं या वाक्यासरशी या घरात एकच माणूस उठत असे. यंत्र येण्याआधी हेच वाक्य गेन्सुकेंच्या पत्नी फुमिएबाई दाराशी गुडघे टेकून म्हणत. गेन्सुके वर्तमानपत्राची घडी घालत, घसा खाकरत, आणि पहिल्या पाण्यात उतरत. त्यांच्यामागून त्याच पाण्यात मुलगा, मग मुलगी, मग आल्या-गेल्यांपैकी कोणी, आणि सर्वांत शेवटी, पाणी कोमट आणि कमरेइतकं उरलं की फुमिएबाई. गेलं वर्षभर पहिलं कोण हा प्रश्न निघालाच नव्हता, कारण मुलगा, तोमोहिसा, रात्री दहाला येई आणि उभ्या उभ्या अंगावर फवारा घेऊन झोपे. आज मात्र सगळे एका रजईखाली होते. बाहेर बर्फ, आत युझूचा वास. लिंबाच्या भावकीतली ती खडबडीत पिवळी फळं फुमिएबाईंनी दुपारीच टबात सोडली होती. आजच्या दिवशी त्या पाण्यात बुडून निघालं की वर्षभर दुखणं शिवत नाही, असं म्हणतात.

मिझुहोने घड्याळाकडे पाहिलं. पाचला दहा कमी.

ती या घरची सून. आणि तिच्या उजव्या बरगडीखाली, काळ्या पोशाखाच्या आत, आग पेटलेली होती. शनिवारी सकाळी तिथे लाल पट्टा उठला, दुपारपर्यंत त्यावर मोत्यांच्या सरीसारखे फोड आले. काल ती लपतछपत औषधाच्या दुकानात गेली. तिथल्या बाईंनी पडद्यामागे नेऊन पाहिलं आणि सांगितलं, नागीण. मिझुहोने तीन प्रश्न विचारले. मुलीला होईल का? (कांजिण्यांच्या दोन्ही लसी झाल्यात ना, मग नाही; फक्त झाकून ठेवा.) श्राद्धाच्या काळ्या पोशाखाबाहेर दिसेल का? स्वयंपाक करता येईल का? बाई चौथ्या प्रश्नाची वाट पाहत राहिल्या. तो आला नाही तेव्हा त्यांनी आपणच उत्तर दिलं, "हे पाहा, याचं औषध तीन दिवसांच्या आत सुरू व्हायला हवं. उद्या शेवटचा दिवस. उशीर केलात तर फोड जातील, पण दुखणं मागे राहायची भीती असते. काहींना वर्षानुवर्षं राहतं." मिझुहोने अशी मान डोलावली, जणू हे शेजारणीबद्दल चाललं होतं.

आज तो शेवटचा दिवस होता. स्टेशनामागचा त्वचेचा दवाखाना सहापर्यंत उघडा, गाडीने दहा मिनिटं. लागणार होतं फक्त एक वाक्य: मला जरा डॉक्टरांकडे जाऊन यायचंय. सकाळपासून तिने ते मनात सात वेळा घोकलं होतं. पण सकाळी भटजी यायचे होते, मग जेवण वाढायचं होतं, मग भांडी होती, आणि मग काकांची गोष्ट अशा जागी आली होती की मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं.

"तोमो, ऊठ," काका म्हणाले. "घराचा कर्ता आता तू. पहिलं पाणी तुझं."

"छे छे, काका! तुमच्याआधी? बाबा वरून टाळकं फोडतील माझं." तोमोहिसा डाव्या गालावर हात ठेवून बोलत होता.

"अरे, मी पाहुणा."

"पाहुणे म्हणूनच तर आधी. शिवाय वडीलधारे."

"पाहुणा कसला मी? याच घरात जन्मलोय. आणि मला डॉक्टरांनी सांगितलंय, कडक पाण्यात एकदम उतरू नका. रक्तदाब आहे."

"कधी सांगितलं?"

"झाली चार वर्षं. त्यानंतर गेलोच नाही. गेलं की काहीतरी काढतात ते लोक."

चिकागेने, तोमोहिसाच्या थोरल्या बहिणीने, मेजावर हात आपटला. ती ओसाकाहून सकाळच्या गाडीने आली होती आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होती. "पुरे झालं. आई पहिली जाईल. विषय संपला."

"मी?" फुमिएबाईंनी असा चेहरा केला, जणू मुलीने त्यांना गावच्या चौकात नाचायला सांगितलं आहे. "शुद्धीवर आहेस ना? मी आधी गेले तर मागून टब कोण घासणार?"

"उद्या घासता येतो."

"उद्याला काय उद्याची कामं नसतात?"

"आई, तुझे गुडघे बघ एकदा. जिन्यावरून उतरतेस ते खेकड्यासारखी. मी कंपनीत तीनशे माणसांना हेच शिकवते. रोज सकाळी आरशासमोर उभं राहायचं आणि स्वतःला विचारायचं, आज मला काय हवंय?"

"तू विचारतेस का, ताई?" तोमोहिसाने विचारलं.

"मला वेळ कुठाय?" चिकागेने पिशवीतून पोटाची गोळी काढली आणि पाण्याशिवाय गिळली. मिझुहो मोजत होती. सकाळपासूनची चौथी.

फुमिएबाई दिराकडे वळल्या. आत्ता मुलीवर खेकसणारा आवाज एकदम मधाळ झाला. "अकरा वर्षांत एक दिवस रजा घेतली नाही हो माझ्या लेकीने. अंगात ताप असताना लोकांना तब्येत कशी राखायची ते शिकवून आली."

"दादाच्या वळणावर गेलीय," काका गहिवरले.

चिकागे लाजली. आईच्या गुडघ्यांसाठी चाललेली लढाई तिने तिथेच सोडली. पंचेचाळीस वर्षांच्या बाईला बापाच्या पंक्तीत बसवलं, मग ती कशाला भांडेल?

हे तोमोहिसाला सहन झालं नाही. "आणि मी? तीन महिने झाले, दाढ ठणकतेय. हूं की चूं केलं का कुणापाशी?"

"तीन महिने!" काका म्हणाले. त्यात काळजी नव्हती, होता तो निव्वळ आदर.

"झोपतोस कसा रे?" फुमिएबाई.

"बसून."

"मिझुहो," चिकागेची मान हळूच इकडे वळली, "तुला ठाऊक नव्हतं?"

मिझुहोला ठाऊक होतं. तीन महिने ती त्याच्या ताटातली गाजरं आणि कमळकाकडी मुलीच्या ताटातल्यासारखी बारीक चिरत होती, मासा काटे काढून उजव्या बाजूला ठेवत होती. त्याला वाटलं होतं, बायकोचा हात आता नाजूक चालायला लागलाय. पण नवरा जे जिवापाड लपवतोय ते आपल्याला कळलंय, असं दाखवणं बरं नव्हे. त्याचं सोसणं वाया गेलं असतं.

"नाही, ताई," ती म्हणाली. "चुकलंच माझं."

"बघ! घरात कळू दिलं नाही पठ्ठ्याने," काकांनी शाबासकी दिली.

मग भीड चेपली आणि गंजिफाचा डाव उघडावा तसं प्रत्येकाने आपापलं दुखणं रजईवर मांडलं. काकांचा रक्तदाब, आणि न फोडलेल्या तपासणीच्या पत्रांनी भरलेला एक आख्खा खण. चिकागेचं पोट. फुमिएबाईंचे गुडघे, आणि डाव्या डोळ्यापुढे दोन वर्षं तरंगणारी माशी, जी त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती आणि आता अशी सांगितली जशी माहेरची साडी दाखवावी. ज्याचं दुखणं जुनं त्याचा मान मोठा. बरं होण्याच्या गोष्टी कोणी काढल्या नाहीत. डाव जिंकत आलेला माणूस पत्ते कशाला फेकून देईल?

मिझुहोच्या ध्यानात आलं की बोलायची वेळ असेल तर हीच. आता इतक्या दुखण्यांत एक आणखी. सव्वापाच. ती जरा पुढे सरकली. बरगडीखाली कोणीतरी इस्त्री टेकवली.

"मला जरा..."

"चहा ना?" काका प्रसन्नपणे म्हणाले. "अगं बस, बस. किती धावपळ करशील? पण करतेच आहेस तर माझा जरा कडक."

"मला कोमट," चिकागे म्हणाली. "पोट."

"माझा पण कोमट," तोमोहिसा म्हणाला. "दाढ."

मिझुहो उठली.

स्वयंपाकघरात दाराशेजारच्या खुंटीवर गाडीची किल्ली लटकत होती. किटली तापेपर्यंत मिझुहोने ती हातात धरली. थंडगार होती. पेले भरून झाले तशी तिने किल्ली परत खुंटीला लावली, कारण तबक धरायला दोन्ही हात लागतात.

ती परत आली तेव्हा बैठकीत प्रसन्न वातावरण होतं. समोरच्याचा प्रश्न त्याच्या पाठीमागे सोडवून टाकल्यावर माणसं जशी दिसतात तशी सगळी दिसत होती.

"ठरलं," तोमोहिसा म्हणाला. "तू आणि नोनोका पहिल्या."

"मी?"

"लेकराला कसला मानपान?" काका म्हणाले. "ते आधी गेलं तर कुणाचाच अपमान नाही. आणि लेकराबरोबर आई आलीच."

"बाबांच्या घरात सून पहिल्या पाण्यात!" चिकागेचे डोळे चमकत होते. "मी सुचवलं हे. काळ बदलतो तो असा."

फुमिएबाईंनीही मान डोलावली. "जा गं. आज युझूचं पाणी आहे. अंगाला बरं असतं."

मिझुहो तबक धरून उभी राहिली. इगाराशी घराण्याच्या इतिहासात पहिल्यांदा सुनेला पहिलं पाणी मिळत होतं, आणि नेमकं आजच तिला त्या पाण्यात उतरता येत नव्हतं. ती उतरली असती त्या पाण्यात मागून हे चौघे उतरणार होते, एकापाठोपाठ एक, तिच्या फोडांवरून गेलेल्या पाण्यात. शेवटचा नंबर असता तर काही प्रश्न नव्हता. शेवटच्या माणसाचं पाणी कोणी विचारत नाही.

"नको, मी आपली मागून... सवय आहे मला..."

"बघा, बघा! सासूवर गेलीय," काकांनी मांडीवर थाप मारली.

"जा म्हणते ना," फुमिएबाई म्हणाल्या, आणि त्या म्हणण्यात इतकं कौतुक होतं की नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. कारण द्यायचं असतं तर ते दोन दिवसांपूर्वीच दिलं नसतं का?

साडेपाचला नोनोका टबात होती. पाच वर्षांची पोर, गळ्यापर्यंत पाण्यात, भोवती सोळा युझू तरंगताहेत, आणि ती प्रत्येकाला नाव देतेय. मिझुहो बाहेर, फरशीवरच्या बुटक्या स्टुलावर, पोशाख उतरवून बनियनवर, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून. पोरीचं डोकं धुताना फवारा उडून फोडांवरची पट्टी भिजली होती. बनियन वर गुंडाळून ती सोलून काढताना तिने दात इतके आवळले की कानात आवाज झाला.

"आई, तू आत ये ना."

"मी नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

"सगळ्यांचं झाल्यावर."

नोनोकाने एक युझू दाबून पाण्याखाली नेलं. सोडल्यावर ते टुणकन वर आलं. मग तिची नजर वळली. "ते काय आहे?"

"पुरळ."

"दुखतं?"

"थोडं."

"किती थोडं? लसीएवढं, की दारात बोट सापडतं तेवढं?"

मिझुहो हिशेब करत होती, तेवढ्यात दार बोटभर सरकलं. "टॉवेल विसरलीस बघ," असं म्हणत फुमिएबाईंचा हात आत आला, हातामागून चेहरा आला, आणि तिथेच थांबला.

फुमिएबाईंनी दार मागे लावून घेतलं. खाली बसताना गुडघे कडकडले.

"कधीपासून?"

"शनिवारपासून."

"दाखवलंस?"

"आजचा दिवस पार पडू दे म्हटलं, आई. उगाच तुम्हा सगळ्यांना घोर..."

फुमिएबाईंनी वाकून तो लाल पट्टा पाहिला. मग त्यांनी आपल्या डाव्या कुशीवर हात ठेवला, कपड्यावरून, नेमका, जशी आपली वस्तू अंधारात सापडते.

"मला झाली होती. तोमो तीन वर्षांचा होता. मामंजी अंथरुणाला खिळलेले, भात कापणीला आलेला. कुणाला कळू दिलं नाही. ह्यांनासुद्धा नाही." त्या हसल्या. "अजून टोचते. बर्फ पडायच्या आदल्या दिवशी हमखास. रेडिओवर सांगायच्या आधी मला कळतं. चाळीस वर्षं होतील आता."

चाळीस वर्षं. मिझुहोला वाटलं, आता आई म्हणतील, ऊठ, घड्याळ बघ, तोमोला गाडी काढायला सांग. पावणेसहाला पाच मिनिटं कमी होती. अजून वेळ होता.

फुमिएबाईंनी सुनेच्या ओल्या खांद्यावर हात ठेवला. लग्नाला आठ वर्षं झाली होती, हा हात पहिल्यांदा तिथे आला होता.

"सोसलंस हो," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, हल्लीच्या मुलींना जमत नाही."

आणि काय सांगावं, मिझुहोला आनंद झाला. खराखुरा, छाती भरून येणारा, डोळ्यांत पाणी आणणारा आनंद. बरगडीवर इस्त्री तशीच होती आणि तिला वाटत होतं, आपण पास झालो.

"काळजी करू नकोस," उठता उठता फुमिएबाई कुजबुजल्या. "मी कुणालाही सांगणार नाही."

दार सरकलं. टॉवेल दारात घडी करून ठेवलेला राहिला.

नोनोकाची बोटं टबाच्या काठावर होती, त्यांवर हनुवटी. सगळं ऐकलं होतं तिने. पोरं हवं तेव्हा पाण्याखाली जात नाहीत.

"आजीला पण झालं होतं?"

"हो."

"आणि तिनं पण सांगितलं नाही?"

"नाही."

"मग बरं झालं?"

मिझुहोने फवाऱ्याची नळी गुंडाळायला घेतली. नोनोकाची नजर तिच्या डोक्यावरून भिंतीवरच्या यंत्राकडे गेली. पाणी किती अंश तापलंय ते दाखवणारा चौकोन, त्याखाली पाणी तापवायचं बटण, आणि अगदी खाली, घंटेचं चित्र असलेलं नारिंगी बटण.

"हे आजोबांचं बटण."

"हो."

हे बटण दाबलं की स्वयंपाकघरातल्या जोडयंत्रात घंटा वाजे, इकडचं तिकडे बोलता येई, आणि फुमिएबाई हात पुसत धावत. साबण संपला. टॉवेल जाड हवा. एकदा तर नुसतं सांगायला, की यंदा युझू लहान आहेत. दुसऱ्या कोणी कधी ते दाबलं नव्हतं. मनाई नव्हती. गरज कुणाला होती?

गेल्या वर्षी त्या संध्याकाळी ते वाजलं नव्हतं. सगळे म्हणाले, तेवढा वेळच मिळाला नसेल. मिझुहोने मात्र नंतर फरशी पुसताना पाहिलं होतं की टबात पडल्या पडल्या हात सहज पोचेल इतक्या जवळ ते आहे. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"आई, मी दाबू?"

"नको गं. सगळे दमलेत..."

पण नोनोका पाच वर्षांची होती आणि अजून पुरती इगाराशी झाली नव्हती. ती टबात उभी राहिली, युझू इकडेतिकडे पांगले, आणि तिने ओलं बोट बटणावर टेकवलं.

लांब स्वयंपाकघरात घंटा खणखणली. वर्षभरात पहिल्यांदा.

बैठकीतलं बोलणं कापल्यासारखं थांबलं. रजई भिरकावल्याचा आवाज आला, पेला आडवा झाल्याचा, मग पावलं, एकाची नव्हे, चौघांची, आणि त्यांत खेकड्यासारखी ती एक जोडीही. पुढच्याच क्षणी यंत्रातून तोमोहिसाचा घाबरा आवाज आला, त्यामागे काकांचा, चिकागेचा, सगळे एकदम, "काय झालं? काय झालं? कोणी दाबलं? काय हवंय?"

घड्याळात पावणेसहा वाजले होते. किल्ली खुंटीला होती. वाक्य सात वेळा घोकलेलं होतं.

मिझुहोने तोंड उघडलं. बाहेर नुसती वाफ आली.

"अगं, बोला ना कोणीतरी!" यंत्र म्हणालं. "काय हवंय?"

नोनोकाने यंत्राकडे पाहिलं, मग वळून आईकडे पाहिलं. केसांतून पाणी ठिबकत होतं, हातात एक युझू होतं, आणि चेहरा, निरोप्याच्या चेहऱ्यासारखा, अगदी गंभीर होता.

"आई," तिने विचारलं, "तुला काय हवंय?"